बिघाड सांगणारा रिले

गाडीचा इंडिकेटर एके दिवशी अचानक दुप्पट घाईने टिकटिकायला लागतो. नेहमीची संथ टिक-टिक जाऊन टिकटिकटिकटिक अशी धांदल सुरू होते आणि मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘फ्लॅशर गेला.’ तो स्पेअर पार्टच्या दुकानात जातो, नवा फ्लॅशर रिले आणतो, डॅशबोर्डखाली वाकून बसवतो आणि दांडी खाली करतो. तीच धांदल, तोच वेग. ‘हाही डुप्लिकेटच निघाला,’ म्हणून तो दुसरं दुकान गाठतो. खरं तर जुना रिलेही चांगला होता आणि नवाही चांगलाच आहे. त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे, एवढंच ते दोघं जीव तोडून सांगत होते.

मला या लेखात एकच गोष्ट सावकाश उलगडून दाखवायची आहे. इंडिकेटरच्या बाबतीत तक्रार करणारा भाग एक असतो आणि बिघडलेला भाग बहुतेक वेळा दुसराच असतो. रिले घरी बदलणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते कसं करायचं तेही पुढे येईलच. पण तो बदलावा की नाही, हे तो स्वतःच आवाजातून सांगत असतो. ते ऐकायला शिकलं की निम्म्याहून जास्त वेळा तो बदलायची गरजच उरत नाही.

मुळात हे आवाजाचं प्रकरण का आलं? इंडिकेटर हे मागच्या-पुढच्या लोकांशी बोलणं आहे. मी इकडे वळतोय, सांभाळा. पूर्वी हे बोलणं हाताने व्हायचं. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर सरळ आडवा. डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. त्यात एक मोठा फायदा होता. आपला हात बाहेर आहे की नाही हे आपल्याला दिसत होतं. पुढे युरोपातल्या गाड्यांना दारालगतच्या खांबातून बाहेर येणारे छोटे प्रकाशित हात आले. १९३९ सालच्या ब्यूक गाड्यांना कारखान्यातूनच मिचकणारे दिवे बसून आले आणि मग ती पद्धत सगळ्या जगभर गेली. सोय वाढली, पण एक गोष्ट हातची गेली: आपलाच इशारा चालकाच्या नजरेआड झाला. मागचा दिवा स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. तो लागला की नाही, मिचकतोय की नाही, हे त्याला गाडीच्या आतच कुणीतरी सांगायला हवं. ते काम फ्लॅशरकडे आलं. म्हणजे दिवा मिचकवणं हे त्याचं अर्धं काम. मिचकला हे चालकाला कळवणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं.

जुन्या फ्लॅशरमध्ये हे दुसरं काम जवळजवळ योगायोगाने होत असे.  सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी गाड्या कित्येक मराठी घरांची पहिली मोटार ठरल्या. त्या जमान्यात फ्लॅशर म्हणजे अंगठ्याएवढी पत्र्याची गोल डबी असे. आत दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी किंवा तापणारी बारीक तार. दांडी हलवली की वीज त्यातून बल्बकडे जाते. विजेमुळे पट्टी तापते, दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि जोड सुटतो. दिवा विझतो. पट्टी गार होते, सरळ होते, जोड पुन्हा लागतो. प्रत्येक वाकण्याला पत्र्याचा एक ‘टक्’. या रचनेत बल्बमधून जाणारी वीजच पट्टीला तापवते. एक बल्ब गेला तर वीज कमी, ताप कमी, आणि पट्टी एकतर फार सावकाश वाकते किंवा वाकतच नाही. उरलेला दिवा मिचकायचा सोडून नुसता जळत राहतो. चालकाला कळायचं की काहीतरी बिनसलंय. पण बॅटरी उतरली, थंडी पडली किंवा डबी जुनी झाली तरी वेग बदलायचा. सांगणारा होता, त्याचं बोलणं मात्र थोडं अस्पष्ट होतं.

आजच्या प्लास्टिकच्या चौकोनी रिलेत ते बोलणं मुद्दाम स्पष्ट केलं आहे. वरचं कवच नखाने उचकटून काढलं तर आत काय दिसतं ते सांगतो. तांब्याच्या तारेचं एक छोटं वेटोळं, त्याच्यासमोर लोखंडाची हलती पट्टी आणि टोकाला दोन संपर्कबिंदू. ऐकू येणारी टिक-टिक ती याच पट्टीची. शेजारी आठ पायांची एक आयसी. एक रेझिस्टर आणि शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर. तो भरायला-रिकामा व्हायला लागणारा वेळ म्हणजे टिक आणि टिकमधलं अंतर. आणि या सगळ्यात सहज नजरेतून सुटेल अशी, जाडसर तारेची किंवा पट्टीची एक वाकडी कमान. तिचा रोध काही मिलिओहम, म्हणजे जवळपास नाहीच. बल्बकडे जाणारी सगळी वीज हिच्यातून जाते, आणि तिच्या दोन टोकांमधला अगदी बारीक व्होल्टेजचा फरक आयसी सतत मोजत असते. किती बल्ब जळताहेत, हे रिलेला या कमानीवरून कळतं.

गणित सोपं आहे. बहुतेक गाड्यांत एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि बाजूच्या मडगार्डवर ५ वॅट असे बल्ब असतात. एकूण ४७ वॅट. १२ व्होल्टला भागलं की साधारण ३.९ अँपिअर. मागचा बल्ब गेला की उरतात २६ वॅट, म्हणजे २.२ अँपिअरच्या आसपास. कमानीवरचा फरक ठरलेल्या पातळीखाली जातो आणि आयसी मिचकण्याचा वेग जवळजवळ दुप्पट करते. ही बिघाडातून आलेली घाई नव्हे. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं, की चालकाला मागचा दिवा दिसत नाही, डॅशबोर्डवरचा बाण तर तसाच मिचकत राहणार, तेव्हा त्याच्या कानाशी बोललं पाहिजे. त्या अनाम अभियंत्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एका पैशाचा जादा दिवा न लावता, असलेल्याच आवाजातून त्याने निरोप पोचवला.

सोलापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या साध्या यंत्रमागावर आडव्या धाग्याचा अंदाज घेणारा एक छोटा काटा असतो. धोट्यातली कांडी संपली किंवा धागा तुटला की काट्याला धागा लागत नाही आणि माग आपोआप थांबतो. मुरलेला जॉबर थांबलेल्या मागाकडे आला की पहिल्यांदा मोटर उघडत नाही, काटाही बदलत नाही. तो धागा बघतो. काटा सांगतोय ते खरं धरून चालतो आणि धाग्याकडे काही सापडलं नाही तरच काट्यावर संशय घेतो. इंडिकेटरच्या बाबतीत आपण नेमका हाच क्रम उलटा करतो: धागा न बघता काटा बदलतो.

मग रिलेची भाषा कशी वाचायची? आमच्या ओळखीचे एक जुने ऑटो वायरमन आहेत. कुणीही येऊन फ्लॅशर मागितला की ते मागे फडताळाकडे वळण्याआधी विचारतात.

‘दोन्ही बाजूला फास्ट मारतंय, का एकाच?’

‘डावीकडेच, मामा.’

‘मग रिले कशाला घेताय की ओ? बल्ब घेऊन जावा.’

या एका प्रश्नात सगळं शास्त्र आहे. साध्या गाडीत दोन्ही बाजूंना मिळून रिले एकच असतो. एक बाजू नीट चालतेय याचा अर्थ रिले नीट आहे. दोष त्या दुसऱ्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये, वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. एका बाजूला घाई म्हणजे तिथला २१ वॅटचा एक बल्ब जळत नाही. गाडी सुरू न करता फक्त चावी फिरवायची, दांडी त्या बाजूला ठेवायची आणि उतरून गाडीभोवती एक चक्कर मारायची. कुठला दिवा मुका आहे ते समोर दिसतं. बल्ब काढून उन्हाकडे धरा, आतली तार तुटलेली असेल किंवा काच आतून काळवंडली असेल. तार शाबूत असेल तर होल्डरमध्ये डोकवा. पावसाचं किंवा धुण्याचं पाणी शिरून पितळेवर हिरवट थर चढलेला असतो. पॉलिश पेपरने घासून काढला की तोच जुना बल्ब लागतो. कधी इंडिकेटरबरोबर त्याच कोपऱ्यातला पार्किंगचा दिवाही मंद मंद मिचकतो. तिथे अर्थिंग सुटलेलं असतं आणि परतीची वाट न मिळालेली वीज शेजारच्या बल्बमधून आडमार्गाने जाते. यातल्या कुठल्याही दोषावर नवा रिले हे औषध नाही.

आता दुसरी बाजू. दोन्हीकडचे इंडिकेटर मेले, आवाजही नाही. अशा वेळी लाल त्रिकोणाचं बटण दाबून चारी इंडिकेटर एकदम लावून बघा. ते मिचकले तर रिले जिवंत आहे, कारण पुष्कळ गाड्यांत तोच रिले दोन्ही कामं करतो. फक्त वीज वेगळ्या वाटेने येते. इंडिकेटरला चावीनंतरची, त्रिकोणाला थेट बॅटरीची. दोष मग इंडिकेटरच्या फ्यूजमध्ये किंवा त्या लाल बटणाच्याच आतल्या संपर्कांत असतो. हे बटण महिनोन्महिने दाबलं जात नाही, आत धूळ बसते आणि गंज धरतो. कित्येकदा ते दहा-वीस वेळा दाबून-सोडूनच इंडिकेटर परत येतात. चारीही मेले असतील तर आधी फ्यूज बघायचे, आणि फ्यूज शाबूत असतील तर मात्र रिलेवर बोट ठेवायला हरकत नाही. दोन्हीकडचे दिवे लागतात पण मिचकत नाहीत, तर रिलेचे संपर्कबिंदू चिकटले आहेत. दोन्हीकडे आणि चारी इंडिकेटर लावल्यावरही घाई तशीच, तर रिलेचं आतलं घड्याळच बिघडलं आहे. कधी चालतो, कधी नाही, आणि डॅशबोर्डवर थाप मारली की चालतो, तर आत डाग सुटला आहे.

या भाषेच्या मर्यादाही ओळखून असायला हवं, नाहीतर विश्वास भाबडा होतो. मडगार्डवरचा ५ वॅटचा बल्ब गेला तर ४७ चे ४२ होतात. एवढा फरक बहुतेक रिले मनावर घेत नाहीत. चारी इंडिकेटर एकदम लावले की ९४ वॅटचा भार असतो. त्यातला एक २१ चा बल्ब गेला तरी ७३ उरतात, ते नेहमीच्या ४७ पेक्षा जास्तच. रिलेला सगळं ठीक वाटतं आणि टिकटिक संथ राहते. म्हणून लाल त्रिकोण लावून ‘सगळे चालतात’ असं ठरवू नये. हेच ट्रॉलीचं. आपल्या जिल्ह्यात गाळप हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरच्या दोन दिव्यांना ट्रॉलीचा तिसरा जोडला की भार वाढतो, आणि साधा फ्लॅशर असेल तर ट्रॉलीचा दिवा गेला तरी ट्रॅक्टरवरच्याला ते कळत नाही, कारण उरलेले दोन त्याला पुरेसे वाटतात. सगळ्यात मागचा, सगळ्यात गरजेचा दिवा नेमका बिनपहाऱ्याचा राहतो. तिथे रोज संध्याकाळी उतरून डोळ्याने बघणं, याला पर्याय नाही.

रिले खरोखर जातोच, आणि सोलापुरात जरा लवकर जातो असं मानायला कारण आहे. तो डॅशबोर्डखाली असतो. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीच्या आत ६० च्या वर सहज जातं. वेळ मोजणारा तो छोटा कपॅसिटर आतून ओलसर असतो, आणि दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं हा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. तो सुकत गेला की लवकर भरतो, लवकर रिकामा होतो आणि टिकटिक दोन्हीकडे घाईची होते. संपर्कबिंदूंची झीज वेगळी. गार असलेल्या बल्बच्या तारेचा रोध तापलेल्या तारेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, त्यामुळे दिवा लागताना दरवेळी विजेचा लोंढा येतो आणि बारीक ठिणगी पडते. रोज सगळे मिळून सहा-सात मिनिटं इंडिकेटर चालला आणि वेग मिनिटाला ९० धरला, तर दिवसाला ६०० च्या घरात ठिणग्या होतात, वर्षाला दोन लाखांच्या वर. एवढं सोसून तो वर्षानुवर्षं टिकतो, हेच विशेष.

तेव्हा ऐकून, बघून, संशय रिलेवरच स्थिरावला, तर पुढचं काम. प्रथम तो शोधायचा. पुस्तिकेत जागा दिलेली असते. नसेल तर चारी इंडिकेटर चालू करून स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सपाशी हात न्यायचा आणि एकेका डबीवर बोटाचं टोक ठेवायचं. जी बोटाला टिक-टिक ठोका देते ती आपली. रिले पूर्ण मेला असेल तर ठोका मिळणार नाही, मग अंगावरचे आकडे वाचायचे. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना अजिबात हात लावू नये. त्या एअरबॅगच्या असतात.

रिले सरळ ओढून काढायचा, वायरी धरून नव्हे, आणि वाकडातिकडा हलवून तर नाहीच. खालच्या पट्ट्या सैल होतात. काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो घ्यावा. बहुतेक रिलेंना तीन पाय असतात आणि त्यांच्या मुळाशी आकडे कोरलेले असतात: ४९ म्हणजे येणारी वीज, ४९ए म्हणजे दिव्यांकडे जाणारी, ३१ म्हणजे अर्थिंग. जुन्या रिलेंवर त्याऐवजी बी, एल आणि ई ही इंग्रजी अक्षरं असतात. आता दुकानात जाण्याआधीची शेवटची आणि निर्णायक परीक्षा. रिलेच्या रिकाम्या सॉकेटमध्ये वायरीच्या लहान तुकड्याने ४९ आणि ४९ए जोडायचे. चावी चालू करून दांडी डावीकडे केली की डावीकडचे पुढचे-मागचे दिवे न मिचकता स्थिर लागले पाहिजेत, उजवीकडेही तसंच. लागले, तर वायरिंग, बल्ब, फ्यूज, बटण सगळं निर्दोष आहे आणि दोषी रिलेच. नाही लागले, तर खिशात हात घालायची वेळ अजून आलेली नाही. ३१ ला हा तुकडा चुकूनही लावू नये, फ्यूज उडेल. उडालाच तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून फ्यूज ‘पक्का’ करणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीत पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

नवा रिले घेताना जुना हातात असावा. पायांची संख्या, त्यांची मांडणी, १२ व्होल्ट आणि वॅटचा आकडा, चारही जुळायला हवेत. दिसायला सारखे, पण पायांची अदलाबदल केलेले रिले बाजारात मिळतात आणि ते बसतातही. म्हणून आकार पाहून समाधान मानू नये. बसवण्याआधी चावी काढायची. हात वायरींच्या गर्दीत खोल घालावा लागणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबलही १० नंबरच्या पान्याने सोडायची. रिले नीट शेवटपर्यंत दाबायचा. मग घड्याळ लावून मोजायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०२ व्या नियमानुसार इंडिकेटर पिवळाच असावा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही, १२० पेक्षा जास्त नाही, असा मिचकावा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तरी चालतं. चारी कोपऱ्यांवर फिरून बघितल्याशिवाय काम झालं असं म्हणू नये.

एलईडीबद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. जुन्या बल्बच्या जागी एलईडी घातला की तो २१ वॅटऐवजी दोन-चार वॅट खातो. रिलेला वाटतं बल्ब गेला, आणि तो घाई करतो. त्याचं काही चुकत नाही. त्याला दिलेल्या मोजपट्टीने तो बरोबरच बोलतोय. यावर बाजारात दोन उपाय आहेत. एक, दिव्याला जोडून भार वाढवणारा रेझिस्टर. हा चांगलाच तापतो आणि प्लास्टिकला किंवा वायरीला टेकवला तर ते वितळवतो. दुसरा, एलईडीसाठीचा रिले. यातले बरेचसे स्वस्त रिले भार मोजतच नाहीत. बल्ब असो, नसो, ठरलेल्या वेगाने टिकटिकत राहतात. लोक खूश होतात, घाई थांबली म्हणून. पण पुढे मागचा दिवा खरोखर गेला तरी हा रिले तशीच संथ टिक-टिक देत राहणार. दिव्याच्या झगमगाटासाठी आपण सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं, हा सौदा मला मान्य नाही. ज्याला एलईडी हवेच असतील त्याने बल्ब गेल्याची सूचना देणारा रिले विचारून घ्यावा. आणि तो मिळाला नाही तर दर आठवड्याला स्वतः उतरून दिवे बघायची सवय लावावी.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हा वेगळा रिले उरलेला नाही. दिवे मिचकवायचं काम गाडीचा संगणक करतो, आणि टिक-टिक हा स्पीकरमधून काढलेला आवाज असतो. हलणारी पट्टी नाही, ठिणगी नाही. आवाजाची तांत्रिक गरजच संपली. तरीही कंपन्यांनी तो ठेवला, आणि दिवा गेल्यावरची घाईसुद्धा ठेवली. घरच्या माणसाने अशा गाडीत रिले शोधत बसू नये. पण ऐकण्याचा नियम तिथेही तोच: एका बाजूला घाई, तर त्या बाजूचा दिवा बघा.

एवढं सगळं एका चिमुकल्या डबीसाठी का, असं कुणी विचारील. संध्याकाळी पुणे-हैदराबाद महामार्गावर सोलापूरकडे येताना मागे ट्रक असतो, आपल्याला शहराकडे वळायचं असतं, आणि वेग कमी करण्याआधी आपण दांडी हलवतो. त्या ट्रकच्या चालकाकडे आपला निर्णय कळण्याचं दुसरं साधन नाही. मागचा २१ वॅटचा बल्ब गेलेला असेल तर त्याला तो निर्णय ब्रेकचा लाल दिवा लागल्यावर कळतो, आणि भरलेला ट्रक तेवढ्या अंतरात थांबत नाही. आपल्याला हे सगळं दिसणार नसतं. आपल्याला फक्त टिकटिक ऐकू येते. सोलापुरातून पुण्याला, विजापूरला, तुळजापूरला, हैदराबादला रोज हजारो गाड्या सुटतात. त्यांतल्या कितीतरी गाड्यांत ही घाईची टिकटिक चालू असते आणि आत गाण्यांचा आवाज वाढवलेला असतो.

म्हणून विनंती इतकीच. आजच घरासमोर गाडी लावून दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकेक करून लावा, काचा वर करून आवाज ऐका, मग उतरून सहाही दिवे बघा. दिवा दुरुस्त होईपर्यंत वळताना हात बाहेर काढून दाखवायला लाजू नका. चालकाने हाताने दिलेला इशारा लोकांना आजही समजतो. आणि पिवळ्या काचेचा १२ व्होल्ट २१ वॅटचा एक जादा बल्ब गाडीच्या कप्प्यात ठेवा. रिलेपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा तोच लागणार आहे.